इंझोरीहून लिस्बनला : एका सहलीचे गणित

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकवणारा हा मुलूख. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे पाचशे किलोमीटर दूर. अशा गावात बसून आज आपल्याला युरोपच्या अगदी पश्चिम टोकावर, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या पोर्तुगाल देशाच्या सहलीचा बेत आखायचा आहे. प्रत्यक्ष जायला पैसे पुष्कळ लागतात. बेत आखायला मात्र शाळेतला पृथ्वीगोल, हातभर दोरा, कोनमापक, पेन्सिल आणि वही एवढे साहित्य पुरते. आणि बेत नीट आखता आला, तर भूगोलाचे आणि भौतिकीचे कितीतरी धडे वाटेतच होऊन जातात.

पोर्तुगालच का निवडायचा, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे, की हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. गोव्यावर पोर्तुगीजांनी १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षे राज्य केले. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. इंझोरीच्या आठवडी बाजारात ज्याला आपण बटाटा म्हणतो, बांधकामावर ज्याला घमेले म्हणतो, दाराच्या कुलपाला जी चावी लावतो आणि महिन्याअखेर घरात जो पगार येतो, ते शब्द पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आले आहेत. शब्द इतका लांबचा प्रवास करून आले; आता आपण उलट दिशेने निघू.

दोरा ताणा, अंतर मोजा

पृथ्वीगोलावर इंझोरीचे नाव छापलेले नसणार. म्हणून सुमारे २० अंश उत्तर अक्षांश आणि साडेसत्त्याहत्तर अंश पूर्व रेखांश जेथे मिळतात तेथे पेन्सिलीने एक टिंब द्या. पोर्तुगालची राजधानी लिस्बन ३८.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ९.१ अंश पश्चिम रेखांशावर आहे. दोन्ही टिंबांवर दोरा ठेवून तो घट्ट ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाट शोधतो. या वाटेला महावर्तुळाचा कंस म्हणतात, कारण ती पुढे वाढवली तर पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करते.

आता दोऱ्याची तेवढीच लांबी उचलून विषुववृत्तावर ठेवा. ती सुमारे ७५ अंश व्यापेल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आणि एका वर्तुळात ३६० अंश, म्हणजे एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर पडतात. ७५ ला १११ ने गुणले की ८,३२५ किलोमीटर येतात. हेच आपले अंतर.

दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो तेही पाहा. सिंध, इराण, तुर्कस्तान, ग्रीसचा उत्तर भाग असे करीत तो इटलीत रोमच्या थोडे दक्षिणेला ४१ अंश अक्षांशाच्या जवळपास पोहोचतो आणि तेथून पुन्हा किंचित खाली उतरून लिस्बनला येतो. म्हणजे जायचे आहे ३८.७ अंशांवर, पण वाट त्याहूनही उत्तरेला चढते! हे चमत्कारिक वाटते ना? आता वर्गात भिंतीवर लावलेल्या मर्केटर पद्धतीच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून तीच दोन ठिकाणे जोडा. ही रेघ अरबस्तान, इजिप्त आणि ट्युनिशियावरून जाईल. नकाशावर ती सरळ दिसते; प्रत्यक्षात मात्र ती सव्वादोनशे किलोमीटरांहूनही अधिक लांबची वाट आहे. गोल पृथ्वीची साल सपाट कागदावर पसरली, की अशी फसगत होणारच.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखणारा गणिती पोर्तुगीजच होता. त्याचे नाव पेद्रो नुनेस. जन्म १५०२, मृत्यू १५७८. होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज हाकत राहिलो, तर आपण सर्वांत जवळच्या वाटेने जात नाही. आपली वाट एक वक्र रेषा असते आणि ती ध्रुवाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळत जाते, हे त्याने १५३७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनातून मांडले.

या नुनेसची आणखी एक भेट तुम्हांला पुढे प्रयोगशाळेत होईल. मोजपट्टीवरच्या दोन रेघांमधला बारीक भाग कसा वाचायचा, या प्रश्नावर त्याने १५४२ साली एक युक्ती सुचवली. पाव वर्तुळाच्या एका कंसाचे ९० समान भाग करायचे, त्याच्या आतल्या कंसाचे ८९, त्याच्या आतल्याचे ८८, असे करीत ४६ पर्यंत जायचे. काटा एका कंसाच्या रेघेवर बसला नाही, तरी दुसऱ्या कोणत्या तरी कंसाच्या रेघेवर जवळजवळ बरोबर बसतोच. ही युक्ती वापरायला किचकट होती. पुढे १६३१ मध्ये पिएर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाने सरकत्या मापनीची सोपी रचना केली आणि तिला आपण व्हर्नियर म्हणू लागलो. पण पोर्तुगालमध्ये आणि युरोपातील इतर काही देशांत या मापनीला आजही नुनेसच्याच नावावरून ‘नोनियस’ या शब्दाच्या रूपांनी ओळखतात.

घड्याळात किती वाजले?

ताशी ८५० किलोमीटर वेगाचे विमान आपली दोऱ्याची वाट सुमारे दहा तासांत पार करील. प्रत्यक्षात आधी नागपूर किंवा मुंबई गाठायची, मध्येच कुठेतरी विमान बदलायचे, म्हणजे वेळ पुष्कळच वाढतो. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीमागून. समजा, सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग ८०० धरला तर सुमारे १० तास २५ मिनिटे लागतील आणि येताना वेग ९०० धरला तर सुमारे सव्वानऊ तास. वाट तीच, पण परतताना तासाभराहून अधिक वेळ वाचतो.

आता घड्याळाकडे वळू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. इंझोरी आणि लिस्बन यांच्या रेखांशांत सुमारे ८६.६ अंशांचा फरक आहे. म्हणून इंझोरीत सूर्य माथ्याजवळ आल्यानंतर सुमारे ५ तास ४६ मिनिटांनी लिस्बनला मध्यान्ह होते. पण मनगटावरचे घड्याळ सूर्याला विचारून चालत नाही. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. इंझोरी त्याच्या पाच अंश पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सुमारे वीस मिनिटांनी होते. पोर्तुगालमध्ये हिवाळ्यात ग्रीनिचची वेळ पाळतात आणि उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. त्यामुळे हिवाळ्यात आपले घड्याळ साडेपाच तासांनी आणि उन्हाळ्यात साडेचार तासांनी मागे करावे लागेल.

याचा परिणाम गमतीचा होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लिस्बनला मध्यान्ह होते दुपारी एक वाजून अडतीस मिनिटांच्या सुमारास, आणि सूर्य मावळतो रात्री नऊ वाजून गेल्यावर! दिवस जवळजवळ १५ तासांचा असतो. इंझोरीत त्या दिवशी तो सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो. तेव्हा सहलीच्या वहीत ‘संध्याकाळी’ असे लिहिण्यापूर्वी कोणत्या गावची संध्याकाळ, ते ठरवा.

ध्रुवतारा किती उंच?

नुनेसच्या काळातील खलाशांना भर समुद्रात आपला अक्षांश कसा कळत असे? उत्तर गोलार्धात याचे उत्तर सोपे आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच आपला अक्षांश. त्यात अंशभराची चूक असते, पण आपल्या कामाला ते पुरेसे आहे.

कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याच्या टोकाला लहान दगड लटकवा. रात्री कोनमापकाची सरळ कड ध्रुवताऱ्याच्या दिशेने धरा आणि मित्राला विजेरीच्या उजेडात लंब दोऱ्याखालचा अंश वाचायला सांगा. तो आकडा आणि ९० यांतील फरक म्हणजे ध्रुवताऱ्याची उंची. इंझोरीत उत्तर २० च्या आसपास आले पाहिजे. लिस्बनला तेच ३९ च्या आसपास येईल. म्हणजे सहलीला निघण्यापूर्वी एक नोंद घरी आणि पोहोचल्यावर एक नोंद तेथे केली, की दोन्हींच्या फरकावरून पृथ्वी गोल असल्याचा पुरावा तुमच्याच हातात येतो.

दिवसा हेच काम सावली करते. इंझोरी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात एकेका दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. लिस्बनला असा दिवस कधीच येत नाही. तेथे २१ जूनलाही मध्यान्हीचा सूर्य ७५ अंशांपेक्षा वर चढत नाही आणि २२ डिसेंबरला तर जेमतेम २८ अंश चढतो.

केव्हा निघावे?

सहलीच्या बेतातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो चुकला तर काय होते ते इतिहासाने दाखवून ठेवले आहे. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे घेऊन लिस्बनहून निघाला. आफ्रिकेला वळसा घालून तो पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदराला आला. तेथील राजाने त्याला वाट जाणणारा एक नाखवा दिला. २४ एप्रिल १४९८ रोजी निघालेली जहाजे २० मे रोजी कालिकतजवळ पोहोचली. अरबी समुद्र पार करायला लागले फक्त २६ दिवस! कारण नाखव्याला वाऱ्याचे वेळापत्रक ठाऊक होते. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा नैर्ऋत्येकडून जमिनीकडे धाव घेते. हिवाळ्यात हाच क्रम उलटतो आणि वारे ईशान्येकडून वाहतात. आपल्या शेतीला पाऊस देणारे हे मोसमी वारे या समुद्रातील व्यापाऱ्यांना शेकडो वर्षे शिडांसाठी उपयोगी पडत होते.

परतताना मात्र गामाने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्याने कालिकत सोडले आणि ५ ऑक्टोबरला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो भर समुद्रात शिरला. ईशान्येचे वारे अजून स्थिरावले नव्हते. कधी वारा पडलेला, कधी तो उलटा. जो समुद्र जाताना २६ दिवसांत ओलांडला, तोच ओलांडायला आता सुमारे तीन महिने लागले. ताजे अन्न संपले. खलाशांच्या हिरड्या सुजू लागल्या, हातपाय काळेनिळे पडू लागले आणि तीसच्या आसपास माणसे वाटेतच दगावली. हा स्कर्व्ही रोग. तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे कळायला पुढे विसावे शतक उजाडावे लागले. जहाज चालवायला पुरेशी माणसेच उरली नाहीत, म्हणून ‘सां राफाएल’ हे धडधाकट जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळून टाकावे लागले. चार जहाजांपैकी दोनच लिस्बनला परतली आणि माणसे तर निम्म्याहूनही कमी. पाच-सहा आठवड्यांचा धीर आणि टोपलीभर लिंबे किंवा आवळे एवढ्याने त्यांतील कितीतरी जीव वाचले असते.

आपल्याला शिडे उभारायची नाहीत, तरी ऋतू पाहावा लागेलच. पोर्तुगालचा पाऊस आपल्या अगदी उलट आहे. आपल्याकडे जुलैत नाले भरून वाहतात. लिस्बनला जुलैत महिनाभरात सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपासही पाऊस पडत नाही. उन्हाळ्यात अटलांटिकवरील अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो. तेथे हवा वरून खाली उतरते आणि उतरणाऱ्या हवेत ढग टिकत नाहीत. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेला सरकला, की समुद्रावरून पावसाळी वादळे आत शिरतात. म्हणून तेथे छत्री लागते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात.

मग कोरडा जुलै-ऑगस्ट उत्तम, असे वाटेल. पण कोरड्या उन्हाळ्याची दुसरी बाजूही वहीत लिहायला हवी. जंगले वाळतात आणि वणवे पेटतात. १७ जून २०१७ रोजी मध्य पोर्तुगालमधील पेद्रोगाव ग्रांद या भागात लागलेल्या वणव्यात साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पुष्कळशी रस्त्यावर मोटारींमध्ये अडकली होती. तेव्हा दिवस मोठा, पाऊस थोडा आणि ऊनही फार कडक नाही, असा मे महिना किंवा सप्टेंबर हा काळ आपण पक्का करू. त्यातही आपल्या शाळांना सुट्टी असते ती मे महिन्यातच.

समुद्र निळा, पण गार

गोव्याच्या समुद्रात डुंबलेला मुलगा लिस्बनजवळच्या समुद्रात उतरला तर दचकेल. गोव्याच्या पाण्याचे तापमान बहुतेक वर्षभर २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर भर उन्हाळ्यातही ते १७ ते १९ अंशांच्या आसपास राहते. वर ऊन रणरणते आहे आणि पाणी मात्र गार, हे कसे? उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला उजवीकडे रेटा मिळतो. दक्षिणेकडे तोंड केले तर उजवा हात पश्चिमेला येतो, म्हणून वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर पश्चिमेकडे ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. तळाचे क्षार त्याच्याबरोबर वर येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासे पोसतात. पोर्तुगालच्या प्रसिद्ध सार्डिन माशांचे रहस्य या गार पाण्यात आहे.

लिस्बनच्या उत्तरेला नाझरे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. त्याच्यासमोर समुद्रतळावर एक प्रचंड घळई आहे. ती सुमारे २३० किलोमीटर लांब असून तिची खोली पाच किलोमीटरपर्यंत जाते आणि तिचे तोंड थेट किनाऱ्याजवळ येते. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, खोल पाण्यात तो टिकून राहतो. त्यामुळे घळईवरून येणारा लाटेचा भाग पुढे धावतो, शेजारचा मागे रेंगाळतो आणि लाट वळते. काचेत शिरताना प्रकाशकिरण वळतो, तोच हा वक्रीभवनाचा प्रकार. अशा वळलेल्या लाटा नाझरेच्या भूशिराजवळ एकमेकींवर चढतात आणि त्यांची उंची वाढते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी येथे एका जर्मन लाटस्वाराने स्वार होऊन पार केलेली लाट २६.२१ मीटर उंच भरली. म्हणजे आठ मजली इमारतच! पण या लाटा हिवाळ्यातल्या. मे महिन्यात गेलो तर त्या दिसणार नाहीत. बेत आखताना काहीतरी सोडावे लागते, ते असे.

सकाळी पावणेदहाची गोष्ट

लिस्बनमध्ये पाहायच्या ठिकाणांत कार्मोचा मठ अवश्य लिहा. त्याच्या दगडी कमानी उभ्या आहेत, पण वर छत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी ख्रिस्ती लोकांचा सण होता आणि चर्चमध्ये गर्दी होती. सकाळी पावणेदहाच्या सुमारास धरणी काही मिनिटे हादरली आणि छपरे कोसळली. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठच्या धक्क्याकडे धावले. तेथे पाणी मागे हटून तळ उघडा पडला होता. थोड्याच वेळात तेच पाणी त्सुनामीच्या रूपाने परत आले आणि काठावरच्यांना घेऊन गेले. उलथलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे गेली.

त्सुनामीचा वेग तुम्हांला काढता येतो. वेग = √(गुरुत्वत्वरण × पाण्याची खोली). खोली ४,००० मीटर आणि गुरुत्वत्वरण ९.८ घेतले तर उत्तर सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक येते. विमानाच्या वेगाच्या जवळपास! खोली ४० मीटर झाली की हाच वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होतो आणि मागून येणारे पाणी पुढच्यावर चढते. म्हणून कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर जाताना एक नियम पाठ करा. जमीन जोराने हादरली किंवा पाणी एकाएकी मागे हटले, तर शंखशिंपले वेचायला पुढे जायचे नाही. उंच जागेकडे पळायचे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हा नियम ठाऊक असलेले कितीतरी लोक वाचले.

लिस्बनच्या भूकंपानंतर एक नवी गोष्ट घडली. मंत्री पोंबाल याने देशातील गावोगावी प्रश्नांची यादी पाठवली. धक्का किती वेळ टिकला? किती धक्के बसले? समुद्र आधी चढला की उतरला? भूकंपाची अशी पद्धतशीर चौकशी हा भूकंपशास्त्राच्या आरंभीचा एक टप्पा मानला जातो. नवी घरे बांधताना भिंतींच्या आत तिरप्या लाकडी पट्ट्यांनी जखडलेला सांगाडा बसवण्यात आला. त्याला तेथील लोक पिंजरा म्हणत. भूकंपात घर हलते, पण पिंजरा भिंतीला सुटी होऊ देत नाही. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले, त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांनीच सर्वाधिक बळी घेतले. लिस्बनच्या जुन्या पेठेत हिंडताना त्या भिंतींतला लाकडी पिंजरा आठवणे, हे किल्लारीच्या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशाला शोभेल.

वसईचा कातळ आणि आपला कातळ

आता शेवटची गोष्ट. ती लिस्बनमध्ये सुरू होते आणि इंझोरीच्या जमिनीत येऊन संपते. जुआंव द कास्त्रो हा पेद्रो नुनेसचा विद्यार्थी. १५३८ मध्ये तो लिस्बनहून गोव्याला आला आणि त्याच वर्षी गोव्याहून दीवकडे निघाला. पुढे तो हिंदुस्थानातील पोर्तुगीज मुलखाचा गव्हर्नर झाला. तो तोफा घेऊन आलेल्या सत्तेचा माणूस होता, हे विसरायचे कारण नाही. पण त्याची वही मात्र शास्त्रज्ञाची होती. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती अंश ढळते, म्हणजे दिक्पात किती, हे तो सूर्याच्या सावलीवरून ठिकठिकाणी मोजत असे. जहाजावरचे लोखंड जवळ असले की सुई बहकते, हे त्याच्या ध्यानात आले होते. वसईजवळ आल्यावर त्याला दिसले, की थोड्याथोड्या अंतरावर दिक्पात बदलतो आहे. तेथील खडकच सुईला ओढत असावा, असा तर्क त्याने केला. खडकातील चुंबकत्वाची ही फार जुनी नोंद आहे.

तो खडक कोणता? काळा बेसाल्ट, सह्याद्रीचा, अजिंठ्याचा आणि इंझोरीच्या विहिरींत काळी माती संपल्यावर लागणारा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंड होऊ लागला, की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून कायमचे गोठतात. ही दिशा क्षितिजाशी किती कोन करते, ते मोजले की खडक तयार होताना कोणत्या अक्षांशावर होता ते काढता येते. ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून आपण आपला अक्षांश काढला, तसेच हे.

खडकाचे उत्तर चकित करणारे आहे. तो तयार झाला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे इंझोरीच्या शिवाराने आजवर काही हजार किलोमीटरांचा प्रवास करून विषुववृत्त ओलांडले आहे!

घरातले होकायंत्र किंवा मोबाइलमधले होकायंत्र घेऊन काळ्या दगडाच्या निरनिराळ्या बाजूंना धरून पाहा. बहुतेक दगडांजवळ सुई हलणार नाही. एखाद्या दगडाजवळ, विशेषतः वीज पडलेल्या जागेच्या खडकाजवळ, ती किंचित ढळेलही. जवळ लोखंड नाही ना, एवढे आधी पाहा. कास्त्रोनेही तेच आधी पाहिले होते.

बेताची वही

आता वहीचे पहिले पान भरू.

१. काळ : मे महिना. घड्याळ साडेचार तास मागे.

२. अंतर : दोऱ्याने सुमारे ८,३२५ किलोमीटर, जाताना वारा समोरून.

३. कागदपत्रे : पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. हा व्हिसा असला की १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. चलन युरो.

४. पाहायची ठिकाणे : लिस्बनला वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमोस मठ आणि कार्मोचे अवशेष; युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक काबो दा रोका; नाझरे; आणि कोइंब्रा विद्यापीठात जपून ठेवलेली अठराव्या शतकातील भौतिकीची उपकरणे. वाटेत साल सोललेले ओकवृक्ष दिसतील. आपल्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची बुचे अशाच सालीची असतात. एका झाडाची साल सुमारे नऊ वर्षांनी एकदाच काढतात.

५. करायच्या नोंदी : दोन्ही गावांत ध्रुवताऱ्याची उंची, मध्यान्हीच्या सावलीची लांबी, मध्यान्हीची घड्याळातली वेळ आणि समुद्राच्या पाण्याचे तापमान.

६. बरोबर घ्यायच्या वस्तू : कोनमापक, दोरा, तापमापी, होकायंत्र. आणि घरचा आवळा.

पाचव्या कलमातील निम्म्या नोंदी इंझोरीत, किंवा तुमच्या स्वतःच्या गावात करायच्या आहेत, हे ध्यानात आले ना? तेव्हा निम्मी सहल आज रात्रीच सुरू करता येईल. आकाश निरभ्र असले, तर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा आणि पहिला आकडा वहीत लिहा.